मधला आवाज

सेजलने फोन तांब्याला टेकवून उभा केला आणि आवाज पूर्ण वाढवला. समोर सुशीलाकाकी पदर सारखा करून बसली होती, देवळात बसावं तशी.

"लाव," काकी म्हणाली. "हेंचो आवाज ऐकल्याक लय दीस झाले."

कोरगावात शांतारामकाकाचं गाऱ्हाणं म्हणजे गाऱ्हाणं. देवापुढे नारळ ठेवून तो एकेक मागणं मांडायचा आणि प्रत्येक मागण्यानंतर थांबायचा. मग मागच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ते कानावर पडल्याशिवाय गडी पुढे सरकत नसे. एकदा सगळ्यांचं लक्ष प्रसादाच्या टोपाकडे, तर हा आपला हात जोडून तसाच उभा.

सेजल पणजीला मास कॉमला होती. सत्राच्या प्रकल्पासाठी तिने काकाला घरापुढच्या खळ्यात, अंगणातल्या तुळशीसमोर उभं केलं होतं. मागे 'व्हय म्हाराजा' म्हणायला एकटी काकी. सरांना रेकॉर्डिंग आवडलं. "फक्त मधला तो बाईंचा आवाज काढ," ते म्हणाले. "रिकाम्या जागाही काप. संदेश कसा सलग जायला हवा." सेजलने आवाज काढला, जागा कापल्या, आणि वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळवले. फोनमध्ये जागा होईना म्हणून मूळ रेकॉर्डिंगही पुसून टाकलं. पुढे काजूचा हंगाम सरायच्या आत काका गेला, बोंडू गोळा करता करता.

आता सत्र संपलं होतं. 'या सत्राने मला काय दिलं' यावर दोन पानं उद्या धाडायची होती. 'मी ऐकायला शिकले' हे पहिलं वाक्य तिने लिहूनही ठेवलं होतं.

"बा देवा म्हाराजा, आज हो नारळ तुझ्यापुढे ठेवलो आसा..."

काकाचा आवाज ओसरीभर झाला. काकीचे हात आपसूक जुळले. पहिलं मागणं संपलं तसं तिने तोंड उघडलं, "व्हय..." आणि काका पुढे निघूनही गेला. दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला ती नुसती ओठ हलवत राहिली.

"घाई कसली झाली ओ तुमका?" काकी फोनला म्हणाली.

सेजलला कुठे तोंड लपवू असं झालं.

गाऱ्हाणं संपलं, आणि काकाने त्या दिवशी आपल्या मनाने जोडलेलं शेवटचं मागणं आलं.

"आणि म्हाराजा, हिच्याआधी माका तुझ्याकडे व्हर. माझ्या पाठीर हिका सांभाळून घे."

फोन गप्प झाला. काकी त्याच्याकडे बघत राहिली.

"ह्याका मी व्हय म्हटलंय काय गो?" तिने हळूच विचारलं. "माका काय्येक आठवणा नाय. रोज तिन्हीसांजेक खळ्यात हेंचो आवाज येता. ह्याच म्हणतत आणि थांबतत. अंगार काटो येता माझ्या."

काटा सेजलच्याही अंगावर आला. तिला कॉम्प्युटरच्या पडद्यावरची रेघ लख्ख आठवली. काकाच्या आवाजाचे मोठे उंचवटे आणि मधे मधे काकीचा एक छोटा. या शेवटच्या मागण्यानंतरही तो होता. तिनेच तो कापला होता. जन्माच्या सवयीने म्हणून गेली असणार बिचारी. नवऱ्याने देवाकडे मरण मागितलं आणि बायको मागून व्हय म्हणाली. हे हिला कुठल्या तोंडाने सांगायचं?

"नाय काकी," ती म्हणाली. "तू गप्प रवलंस."

काकीने खळ्याकडे पाहिलं.

"म्हणान," ती म्हणाली. "म्हणान थांबतत ते. माझ्यासाठी इतक्या मागितल्यानी, आणि मी व्हय म्हणूक नाय."

सेजलने तिचा हात धरला.

"काकी, नाय. खोटा सांगितलंय मी. तू म्हटलं होतंस. मीच कापलंय तां."

"रव दे गो बाय." काकीने तिच्या गालावरून हात फिरवला. "माका बरा वाटूचा म्हणान सांगतंस."

"देवाशपथ, काकी."

"मग ऐकव."

सेजलने फोन उचलला आणि तसाच हातात धरून बसली.

काकी उठली. आतून पणती लावून आणली, खळ्यात जाऊन तुळशीपाशी ठेवली आणि हात जोडून उभी राहिली. सेजल उंबऱ्यापर्यंत गेली. पुढे जायचा तिला धीर होईना. माडांखाली अंधारून येत होतं.

"व्हय म्हाराजा," काकी म्हणाली.

मग कान देऊन थांबली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने, लांब उभ्या असलेल्या माणसाला ऐकू जावं तसं.