कापड आटलंय

मी एक जुना टेप आहे. गाणी ऐकवणारा नव्हे. शिंप्याच्या गळ्यात लोंबणारा, साठ इंचांचा, पिवळा. माझ्या दोन्ही टोकांना पितळी पत्रे आहेत. त्यातला एक सैल झाला आहे आणि पहिले चार आकडे बोटे लागून लागून पुसले गेले आहेत. तरी माझे माप अजून चुकत नाही. त्या बाबतीत मी जरा खडूस आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मित्रांनो, माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. कापडी पट्टीवर रोगण चढले, तिच्यावरून आकड्यांचे रूळ फिरले आणि शेवटी चष्मा लावलेल्या एका बाईने मला पोलादी पट्टीवर ताणून धरले. "बरोबर," एवढेच ती म्हणाली. त्या एका शब्दाच्या जोरावर मी पुढे कितीतरी वर्षे ताठ मानेने जगलो.

मला विकत घेतले मास्तरांनी. गल्लीच्या तोंडाशी, चावीवाल्याच्या शेजारी त्यांचे शिवणकामाचे दुकान होते. दोन मशीन, एक कापायचे टेबल आणि कपड्यांनी वाकलेली दांडी. मास्तर माप घेत, आकडा मोठ्याने सांगत आणि त्यांची मुलगी वहीत लिहून घेई. तिला सगळी गल्ली ताई म्हणे. बापलेकीचे फार छान जमायचे. दिवसभर एकमेकांची चेष्टा आणि वर कामाचा ढीगही उपसलेला.

मास्तरांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाची कंबर वाढली असली, तरी ते त्याच्या तोंडावर म्हणायचे नाही. "कापड आटलंय, साहेब. पहिल्या धुण्यात आटतंच," असे ते गंभीर चेहऱ्याने सांगत. गिऱ्हाईक खूश होई आणि कापडवाल्याच्या नावाने बोटे मोडत घरी जाई. ताई ओठांत टाचण्या धरून हसू दाबत उभी असायची.

"माप घेताना चेहरा दगडाचा ठेवायचा, पोरी," मास्तर तिला शिकवत. "समोरचा माणूस आधीच लाजलेला असतो."

चांगला शिंपी शिवणीच्या आत थोडे जास्तीचे कापड दुमडून ठेवतो. त्याला माया म्हणतात. अंग भरले की शिवण उसवायची, माया सोडायची आणि कपडा पुन्हा घालायचा. मास्तर मायेच्या बाबतीत सढळ होते. त्यांनी शिवलेली पँट माणसाला दहा वर्षे सहज पुरे.

एका सकाळी ते म्हणाले, "माझी पँट डाव्या मांडीला काचतेय गं. जरा सैल कर."

ताईने मला आधी त्यांच्या उजव्या मांडीभोवती गुंडाळले. बावीस. मग डाव्या. सव्वाबावीस.

"बाबा, डावी जास्त भरलीय."

"चाळीस वर्षं याच पायानं मशीन हाकतोय. भरणारच." मग त्यांनी डोळे मिचकावले. "कापड आटलंय, असं लिही."

ताई खळखळून हसली. तिने तारीख घातली, दोन्ही मापे लिहिली, पुढे 'कापड आटलंय' असेही लिहिले आणि शिवण पाव इंच सोडली.

मित्रांनो, एकाच पायाचे कापड कधी आटते का? मला ते तेव्हाच खटकले होते. पण टेपला तोंड नसते. मी मूग गिळून परत मास्तरांच्या गळ्यात जाऊन बसलो.

चार महिन्यांनी डावी मांडी पावणेतेवीस झाली. त्यानंतर साडेतेवीस. उजवी बावीसवर जिथल्या तिथे होती. प्रत्येक वेळी तीच थट्टा झाली. पुढे पुढे तिच्यावर कुणी हसेनासेही झाले, पण ताई सवयीने तेच दोन शब्द लिहीत राहिली. कामाची घाई होती. पँटच्या आत जुन्या शिवणींच्या भोकांच्या तीन रांगा दिसू लागल्या होत्या.

चौथ्या वेळी माया संपली. सोडायला आत कापडच उरले नाही. "बाजूने पट्टी जोडूया," असे म्हणत ताईने मला पुन्हा मांडीभोवती आवळले आणि माझ्याखाली तिच्या बोटांना काहीतरी कठीण लागले. तिने दाबून पाहिले. ते जागचे हलले नाही. आकडा होता पंचवीस.

"बाबा, हे दुखत नाही?"

"नाही गं. दुखत असतं तर बोललो नसतो का?"

त्याच दुपारी ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. घाईत मी तिच्याच गळ्यात राहिलो होतो. डॉक्टरांनी विचारले, "हे केव्हापासून आहे?"

"झाले असतील वीस-पंचवीस दिवस," मास्तर म्हणाले.

ताईने नजर फरशीकडे वळवली. वहीतली पहिली तारीख चौदा महिन्यांपूर्वीची होती.

तो एक दुर्मिळ कर्करोग निघाला. डॉक्टरांनी समजावून सांगितले, की तो फार थोड्यांना होतो, म्हणून त्यावर संशोधनही थोडेच होते. उपचार झाले. मांडी बरीचशी कापली गेली, पण रोग तोवर फुप्फुसांत पोचला होता. मास्तर वर्षभर झगडले. शेवटच्या महिन्यात ताईने त्यांच्यासाठी सदरा शिवला तेव्हा छातीभोवती मी जवळजवळ दोनदा फिरलो. त्या दिवशी कुणी आकडा मोठ्याने सांगितला नाही.

मास्तर गेल्यावर ताईने मला गळ्यात घातले. तिने बटणांचा मोठा डबा रिकामा केला, त्याला वर फट पाडली आणि दारात पाटी लावली: 'मास्तरांच्या स्मरणार्थ. दर रविवारी कपडे दुरुस्त करून मिळतील. मजुरी नको. दुर्मिळ कर्करोगाच्या संशोधनासाठी इच्छा असेल ते डब्यात टाका.' लोकांनी मनापासून साथ दिली. काहीजण तर धडधाकट कपडेही उसवून आणत. ताईचे जिकडेतिकडे कौतुक होऊ लागले.

पण शेजारच्या चावीवाल्या काकांनी एकदा विचारले, "लवकर कळलं नाही का गं?"

"नाही ना, काका. अगदी अचानक झालं."

पुढे जो कोणी विचारी, त्याला ती हेच उत्तर देई. मापांची ती वही तिने खणात सर्वांत खाली, अस्तराच्या कापडाखाली सारून ठेवली होती. मला तिचा राग येई आणि तिची कीवही येई. मी तरी कोण मोठा लागून गेलो होतो? आकडे तर माझेच होते.

मास्तरांना जाऊन वर्ष झाले, तेव्हा गल्लीतल्या छोट्या सभागृहात कार्यक्रम ठेवला. जमलेली रक्कम स्वीकारायला त्या रोगावर संशोधन करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. साध्या, दमलेल्या, खांद्याला पिशवी. त्यांनी सर्वांचे आभार मानले आणि मग म्हणाल्या, "पैसा तर लागतोच. पण एक गोष्ट आम्हाला पैशानंही मिळत नाही. सुरुवातीचे महिने. माणूस आमच्याकडे येतो तेव्हा गाठ मोठी झालेली असते. ती आधी कशी वाढत गेली, हे कुणीच मोजलेलं नसतं."

ताई उठली. तडक दुकानात गेली. अस्तर बाजूला झाले, वही बाहेर आली. सभागृहात परत येऊन ती उभ्या उभ्या वाचू लागली. तारीख. उजवी बावीस, डावी सव्वाबावीस. तारीख. डावी पावणेतेवीस. तिने चारही मापे वाचली.

"मी तुम्हाला सगळ्यांना खोटं सांगत होते," ती म्हणाली. "अचानक नव्हतं झालं. चौदा महिने मी मोजत होते आणि दर वेळी शिवण सोडत होते. हे बघा, माझंच अक्षर आहे. कापड आटलंय."

मग तिला रडू कोसळले. चावीवाले काका उठून तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. बाईंनी वही दोन्ही हातांनी घेतली. "एका वहीनं सगळं कळणार नाही," त्या हलकेच म्हणाल्या. "पण आमच्याकडे अशी एकही नव्हती."

त्यानंतर ताई माप घेताना दोन्ही बाजू मोजते. परवा चावीवाले काका सदरा घेऊन आले. उजवा दंड काचत होता. मी फिरलो. उजवा डाव्यापेक्षा पाव इंच जास्त.

"कापड आटलेलं नाही, काका," ताई म्हणाली. "आधी डॉक्टरांना दाखवा. मग बाही सैल करते."

"अगं, पाव इंचासाठी डॉक्टर?"

"पाव इंचासाठीच, काका."

काका कुरकुरत गेले आणि चार दिवसांनी हसत परत आले. काही निघाले नव्हते. कानस चालवून चालवून भरलेला दंड होता तो. ताईने लगेच बाही उसवली. मित्रांनो, मास्तरही आपल्या पायाबद्दल असेच काहीतरी म्हणाले होते. टेपला दोन्ही पाव इंच सारखेच दिसतात. तुमच्या घरातले कुणी 'काही नाही रे' म्हणून हसण्यावारी नेऊ लागले, तर तुम्ही हसू नका. त्यांचा हात धरा आणि दवाखान्यात घेऊन जा. माझ्या ताईला ते पहिल्या सकाळी सुचले नाही, आणि मला सांगता आले नाही.