तळ्यावरची वरात

चैत्र लागला आणि रुख्मिणीबाईंच्या शेततळ्यावर रोज संध्याकाळी चिलटांचे खांब उभे राहू लागले. माणसापेक्षा उंच, धुरासारखे डोलणारे, बारीक गुणगुणणारे. नेमकं त्याच दिवसांत अकोटजवळच्या त्यांच्या गावात तिघं तापानं पडले, आणि सगळ्यांची बोटं तळ्याकडे वळली.

"वहिनी, तुमच्या तळ्यानंच मच्छर पैदा केले," शेजारचे शेषराव म्हणाले. "सोमवारी जळकं ऑइल टाकतो आमी त्यात."

"अन् माया मासोळ्या?"

"मासोळ्या मोठ्या का माणसं?"

रुख्मिणीबाई तडक घराकडे वळल्या. घरी येऊन त्यांनी अमरावतीला फोन लावला. तिथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी मैथिली हिवाळ्यात तळ्यातले किडे न्यायला आली होती, जाताना नंबर देऊन गेली होती.

रविवारी ती जाळी आणि भिंग घेऊन एस.टी.नं आली. दोघी काठावर बसल्या.

"मावशी, ही चिलटं कधी चावली का तुम्हाला?"

"नाई. हे मच्छर नाईच. मच्छर बसला का मांगचे पाय उचलते. हे पुढचे उचलते, हात जोडल्यावानी."

मैथिलीचं पेन थांबलं. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगते कोन? रोज इथं बसतो ना मी."

"अहो, हे मी मुलांकडून घोकून घेते, तरी परीक्षेत चुकतात! दोन्ही दोन पंखांचेच, पण कुळं निराळी. याला चावायला सोंडच नाही."

"मंग खाते काय?"

"मोठेपणी जवळजवळ काहीच नाही." मैथिलीनं तळाचा चिखल ताटलीत घेतला. त्यात लालभडक अळ्या वळवळत होत्या. "खाणंपिणं सगळं या वयात. पंख फुटले की चार दिवसांत लग्न, अंडी, आणि खेळ खलास. हा खांब म्हणजे नुसते नवरदेव आहेत."

"अन् नवरी?"

"ती मध्ये शिरते आणि एकाला घेऊन जाते."

"हुशार हाये!" रुख्मिणीबाई पोट धरून हसल्या. दोन दिवसांत त्या पहिल्यांदाच हसत होत्या. त्या लाल अळ्या आपल्या मासोळ्यांचा चारा आहेत हे कळल्यावर तर त्यांना तळ्याची चिंता दुप्पट वाटू लागली. त्यांनी मैथिलीला मुक्कामालाच ठेवून घेतलं.

सोमवारी उन्हं उतरताना शेषराव चार माणसं आणि डबा घेऊन आले. रुख्मिणीबाई पदर खोचून थेट काठावरच्या खांबात जाऊन उभ्या राहिल्या. केसांत, हातांवर, चिलटंच चिलटं.

"या भाऊजी. एक जरी चावलं, तं डबा मीच ओततो."

माघार घेणं शेषरावांना जमेना. तेही शिरले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. नाकात एक चिलट गेलं, ते सात वेळा शिंकले, पण चावलं काही नाही.

"मंग मच्छर येऊन कुठून राहिले?" ते वैतागून म्हणाले.

"चला, शोधू," मैथिली म्हणाली.

फार लांब जावं लागलं नाही. शेषरावांच्याच कूलरमधून तिनं पेलाभर पाणी काढलं. पृष्ठभागाला शेपटी टेकवून, डोकं खाली करून पन्नासेक अळ्या लटकत होत्या. पेला हलताच गिरक्या घेत बुडाल्या. शेषरावांची बायको माणिकबाई आधी ओशाळली, मग तिलाच हसू फुटलं. "मी म्हणून राहिली होती, पाणी बदला!"

त्या आठवड्यात गल्लीतले सगळे कूलर उन्हात उपडे पडले.

वैशाखात रुख्मिणीबाई अमरावतीला गेल्या. मैथिलीनं त्यांना भरल्या वर्गात सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. त्या एक डोळा मिटून कितीतरी वेळ पाहत राहिल्या. चिलटाच्या नराच्या डोक्यावर पिसांचे दोन तुरे होते, मोरालाही लाजवतील असे.

"मायबाई! हे एवढं कायले?"

"ऐकायला. मादीच्या पंखांचा आवाज नर त्यांनी टिपतो."

रुख्मिणीबाईंनी मान वर केली. "आमच्या बुढ्याच्या मिशा याच्याहून मोठ्या हायेत. पण हाक मारलेली ऐकू येईन, तं शपथ!"

वर्गातली पोरं खदखदली. "दुसरा नवरदेव दाखव," म्हणत रुख्मिणीबाईंनी पुन्हा डोळा लावला.