चार वर्षे थांबलेला मक्याचा दाणा

चार पावसाळे बाटलीत काढलेला दाणा तुम्ही कधी पाहिला आहे का, मित्रांनो? तो मी. मक्याचा एक जुना, सुरकुतलेला दाणा. माझे कितीतरी भाऊबंद भाजून, मीठ लावून खाल्ले गेले. ते माझ्यापेक्षा सुखी, असे मला फार दिवस वाटत होते.

माझा जन्म मुरबाड तालुक्यात, वैशाखरे गावच्या जगन आणि देवकी या नवराबायकोच्या शेतात झाला. रुपाली मॅडम नावाच्या संशोधक बाईंनी त्यांच्याकडून थोडी जमीन खंडाने घेतली होती आणि मजुरीलाही त्यांनाच ठेवले होते. मॅडमना असा मका हवा होता, की कणीसही भरघोस असावे आणि दाण्यात तेलही जास्त असावे. हे दोन्ही एकत्र येणे मोठे कठीण. तेल असते दाण्याच्या अंकुरात. अंकुर मोठा झाला की पिठाचा भाग कमी होतो आणि कणीस हलके भरते. म्हणून मॅडमनी भरघोस मका आणि तेलाचा मका यांचा संकर केला आणि पुढे आठ हंगाम नुसती निवड केली. चांगली चार कणसे ठेवायची, बाकीची बाद करायची.

कोंडून घेणे मी जन्माआधीच शिकलो. कणसाला केस फुटायच्या आधी देवकी त्यावर कागदी पिशवी चढवायची, म्हणजे वाऱ्याबरोबर परके पराग येऊन बसू नयेत. तुऱ्यालाही पिशवी. ऊन जरा वर आले की ती तुरा त्याच्या पिशवीत झाडायची, ते पराग केसांवर ओतायची आणि पुन्हा सगळे बंद. बाहेर माळशेजचा वारा सुटलेला असायचा, पण आम्हाला तो कधी लागला नाही. देवकीचा हात मात्र असा बसला होता की मॅडम म्हणायच्या, "देवकीताई, तुमच्यासारखी पिशवी मला नाही बांधता येत."

आठव्या हंगामात आमचे कणीस निघाले आणि तपासणीत दोन्ही बाबतींत सरस ठरले. तेव्हा मी जरा फुशारलो होतो, कबूल करतो. पण त्याच महिन्यात मॅडमचे काम वरून बंद झाले आणि त्यांची बदली झाली. त्यांनी आम्हाला दोन बाटल्यांत वाटले. एक बाटली स्वतः नेली, दुसरी देवकीच्या हातात दिली.

"हे सांभाळा. पुढच्या पावसात मी येते. मी आल्याशिवाय पेरू नका, गावातल्या मक्यात सगळं मिसळून जाईल."

"नाय पेरणार," देवकी म्हणाली.

परक्याची ठेव त्या घरात कोणी मोडत नाही. देवकीने बाटलीत वरून राख भरली आणि घरच्या बियाण्यासोबत ती चुलीवर आढ्याला टांगली. धुराने कीड लागत नाही, वर्षभराच्या बियाण्याला ती जागा उत्तम. आम्ही तिथे चार वर्षे लटकलो. दर जूनमध्ये काकडी-भोपळ्याच्या बियांची पुरचुंडी खाली उतरायची, मातीत जायची, आणि दिवाळीनंतर नवी पुरचुंडी आमच्या शेजारी येऊन बसायची. आम्हाला देवकी नुसती पुसून परत अडकवायची.

जगन एकदा वैतागलाच. "पेर नायतर भाजून खा गो. ती मॅडम काय येत नाय आता."

"मी शब्द दिलाय त्यांना."

"मग फोन तरी कर."

"काम मागाया केला असा वाटंल त्यांना. नको."

मला तिचा राग यायचा. खोटे कशाला बोलू? इतक्या मायेने कोणी कोणाला कोंडते का? खालून रोज चुलीची धग लागायची. ज्या तेलासाठी माझे कौतुक झाले, तेच तेल आतल्या आत खवट होऊ लागले. शेजारचा दाणा मेला, मग त्याच्या पलीकडचा. दाण्याला हाक मारता येत नाही, मित्रांनो. मी काचेला टेकून तसाच पडून राहिलो.

यंदा भातकापणी उरकल्यावर देवकीने बाटली पुसायला घेतली आणि झाकण सैल होते म्हणून खवट वास तिच्या नाकाशी आला. ती दचकली. भाताच्या बियाण्याला मोड काढतात तसे तिने दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले. पाचव्या दिवशी फडके सोडले, तर एकालाच मोड होता. बाकीचे नऊ बुळबुळीत झाले होते. मग तिने जगनचा फोन घेतला.

"मॅडम, तुमचा मका मराया लागलाय. मी पेरला नाय. तुमी सांगितलात तसाच ठेवला."

मॅडम म्हणाल्या, "देवकीताई, आमच्याकडची बाटली ऑफिस हलवताना हरवली. मला वाटलं, तुम्ही कधीच पेरून खाल्लं असेल. मी... माझं काही यायचं होणार नव्हतं."

"मग तसा सांगायचा व्हता," देवकी म्हणाली. तिने आवाजसुद्धा चढवला नाही.

म्हणजे आमच्या वाणाचे जगात जेवढे दाणे उरले, तेवढे त्या बाटलीत होते.

भात निघाल्यावर शिवारात मक्याचे एकही ताट उभे नसते, तेव्हा मिसळण्याची भीतीच नसते. हे देवकीला पहिल्या वर्षापासून ठाऊक होते, पण दिलेला शब्द आडवा आला होता. त्याच दुपारी तिने ओढ्याकाठी वाफे केले आणि आम्हा एकसष्ट जणांना बोटाने एकेक करून मातीत लावले.

आज नववा दिवस. सहा रोपे वर आली आहेत. मी पाण्याने फुगलो आहे, पण माझी साल अजून फुटलेली नाही. माझ्यात जीव उरला आहे की नाही, हे माझे मलाही सांगता येत नाही.

मित्रांनो, कोणाला काही सांभाळायला द्याल तर परत कधी येणार ते सांगा. येणे होणार नसेल तर तेही सांगा, लाजू नका. तुम्ही सहज बोलून विसरून जाता आणि इकडे कोणीतरी तुमच्या शब्दावर खरोखर थांबून राहते.

देवकी रोज सकाळी कळशी घेऊन येते. सहा रोपांना पाणी घालते, आणि मग जिथे काहीच उगवलेले नाही त्या पंचावन्न जागांनाही घालते.