तिसरा पोंक

जन्मभर मी नुसता ओरडलो. आज पहिल्यांदाच बोलतोय, तेव्हा जरा टेकून बसा. मी पाववाल्याच्या सायकलचा भोंपू. मागे काळा रबरी गोळा, पुढे पितळेचं तोंड. गोळा दाबला की पोंक. एवढंच माझं शिक्षण, पण त्याच्या जोरावर बांद्याच्या आसपासच्या वाड्यांत अठरा वर्षं धंदा केला.

माझे मालक गुरुदास. भट्टीवरून पाव उचलायचे आणि सकाळ-संध्याकाळ दारोदार फिरायचं. त्यांचा नियम ठरलेला: प्रत्येक वळणावर पोंक तीन. पहिल्या पोंकाला बाई चुलीपासून उठते, दुसऱ्याला पिशवी सापडते, तिसऱ्याला ती दारात असते. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या पायांच्या आवाजावरून ते स्वतःच शिकले. एकदा घाईत चार वाजले, तर गंगाराम म्हातारा कुठे आग लागली म्हणून कळशी घेऊन धावत आला. कळशी त्यानं परत नेली, पण पाव घेऊन गेला.

गुरुदासांचा गुडघा गेला तेव्हा फेरी त्यांच्या मुलीकडे, सृष्टीकडे आली. मागे पावाची भरलेली टोपली घेऊन ती सड्यावरची चढण न उतरता चढायची. सडा म्हणजे आमच्याकडचा जांभ्या दगडाचा उघडा माळ. तिथून पूर्वी घरांसाठी चिरे काढले, आणि रिकाम्या खाणी तशाच सोडून दिल्या.

डिसेंबरात एका सकाळी तिनं पाना घेतला आणि मला जुन्या सायकलवरून काढलं. मला वाटलं, संपलो. पण तिनं मला एका परक्या, मागून आणलेल्या सायकलवर बसवलं. तिला मडगार्ड नाही, कॅरियर नाही, टोपली तर नाहीच. मी हबकलोच. दुकानाची पाटी लावायची आणि आत माल नाही, अशातली गत.

मग कळलं, ही शर्यत. वैभववाडीपासून बांद्यापर्यंत, डांबर टाळून, तांबड्या मातीच्या नि खडीच्या रस्त्यांनी दीडशे किलोमीटर. प्रत्येक सायकलला घंटी हवी असा नियम, म्हणून मी. संध्याकाळी सहाच्या आत पोचणाऱ्या पहिल्या तीन मुलींना पुण्याच्या सराव शिबिरात जागा मिळणार होती. शिबिराची अट तेविशीच्या आतली, आणि सृष्टीला पुढच्याच महिन्यात तेवीस पुरी होत होती. म्हणजे ही एकच खेप.

सुटायच्या जागी गुरुदासांनी नारळ ठेवून वाटेतल्या गावोगावच्या देवांना गाऱ्हाणं घातलं. आमची चार माणसं "होय म्हाराजा" म्हणाली. पुण्याहून आलेल्या यज्ञेश नावाच्या स्वारानं हळूच विचारलं, रस्त्याची माहिती सांगतायत का? सृष्टी म्हणाली, तसंच समजा.

पहाटे दीडशे माणसं सुटली, आणि मला दुसरा धक्का बसला. एवढी माणसं जीव तोडून पळतात, आणि कुणाकडे विकायला काही नाही, पोचवायला काही नाही! अठरा वर्षांच्या धंद्यात असला तोट्याचा व्यवहार मी पाहिला नव्हता. पण सृष्टीची पकड मला कळत होती. पावाची फेरी करताना तिचा हात सैल असायचा. आज तो घट्ट होता.

गंमत अशी, की हाताची सवय काही सुटेना. वाटेवरच्या मसुरे गावात वळण आलं आणि तिनं नकळत मला तीनदा दाबलं. दोन बायका पिशव्या घेऊन रस्त्यात उभ्या. सृष्टी हात जोडत निसटली. मागून आवाज आला, "पाव नाय तर वाजयतंस कित्याक गो?"

चारच्या सुमारास आमचा सडा आला. बांदा बारा किलोमीटर, आणि मुलींत ती दुसरी. संध्याकाळच्या फेरीचीच ती वेळ. पुढे वळण, वळणाखाली शेवटचं घर आनंदीबाईंचं. आज पाव येणार नाहीत हे गुरुदासांनी सगळीकडे सांगितलं होतं. हे शेवटचं घर तेवढं राहिलं, तिथवर गुडघ्यानं साथ दिली नाही.

सृष्टीचा उजवा हात उठला. पोंक. पोंक.

आणि पुढचं चाक सुट्या खडीवर घसरलं. हँडलवर हात एकच होता, दुसरा माझ्यावर. वळणाकडेची जुनी चिरेखाण मी हजारदा पाहिली होती. त्या दिवशी ती खालून पाहिली.

खाली गुडघाभर पाणी. सृष्टी अर्धी पाण्यात, अंगावर सायकल, डोळे मिटलेले. तिच्या पाठीवर, ती कुठे आहे ते आयोजकांना कळवणारं यंत्र होतं. ते बुडून गप्प झालं. माझा गोळा फाटला, तोंडात चिखल गेला. वरून एकामागून एक दोन सायकली सर्रकन गेल्या. मी ओरडायचा प्रयत्न केला. वाराच राहिला नव्हता. जन्मभर पावासाठी गळा काढला, आणि जिच्यासाठी काढायचा तिच्या वेळेला मुका. त्याहून वाईट म्हणजे, ती पडली ती मला दाबतानाच. त्या पाण्यात पडल्यापडल्या मी दुसरं काही मनात आणूच शकलो नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग वर चपला वाजल्या. त्या चपला मी ओळखतो. डावी थोडी फरफटते. कडेवरून आनंदीबाईंचं डोकं दिसलं, काखेत पावाची पिशवी. त्या पुटपुटत होत्या, "दोन आयकलंय. तिसरो खंय गेलो?"

खाली नजर गेली आणि पिशवी काखेतून पडली. सत्तरीची बाई, पण अशी हाक मारली की अख्खी वाडी धावली. कुणी आंबे काढायची शिडी आणली, कुणी दोर. गार पाण्यानं की त्या हाकेनं, सृष्टीनं डोळे उघडले. वर बघून म्हणाली, "काकी, आज पाव नाय."

"पाव गेले खड्ड्यात," आनंदीबाई म्हणाल्या, "आदी तू वर ये."

खांद्याचं हाड मोडलं होतं. आणखी तासभर त्या पाण्यात राहती तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी गुरुदासांना बाजूला नेऊन सांगितलं. सहा वाजले तेव्हा सृष्टी इस्पितळात होती. शिबिराची जागा दुसऱ्या मुलींना गेली. योग्य त्याच मुलींना गेली. वाढदिवसाला घरात केलेला शिरा सृष्टीनं खाल्ला नाही.

दीड महिना गुरुदास दुखऱ्या गुडघ्यानं, माझ्याविना मुक्यानंच फेरी मारत होते. माझ्या गोळ्याला त्यांनी पंक्चरचं ठिगळ लावलं. आता आवाज घोगरा येतो, म्हातारा झाल्यासारखा.

माझं तुमच्याकडे मागणं फार नाही. तुमच्या दारावरून रोज कुणीतरी जातो. त्याचा काही ना काही आवाज असतो, सायकलचा, चपलांचा, नुसत्या खोकल्याचा. तो मोजून ठेवा. आणि एखाद्या दिवशी एक कमी पडला, तर पिशवी घेऊन का होईना, बाहेर या.

काल सृष्टी पहिल्यांदा सड्यावर आली. चालत. वळणावर दोन्ही पाय रोवून उभी राहिली. बराच वेळ खाणीकडे पाहत होती. मग मला हातात धरून तिनं दाबलं. एकदाच.

खालून चपला निघाल्या, डावी फरफटत. आनंदीबाई वळणावर आल्या, रिकामी पिशवी सृष्टीपुढे धरली आणि म्हणाल्या, "तिसरो इलो एकदाचो."