सापडल्यावरही शोधत राहिलो

मित्रांनो, मी एक जुना लूप आहे. म्हणजे संगणकाच्या प्रोग्राममधल्या, एकच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या चार ओळी. माझी गोष्ट तुम्हाला आवडेल की नाही, शंकाच आहे, तरी सांगतो.

माझा जन्म इस्पितळातल्या औषधांच्या दुकानासाठी झाला. एका फळीपासून दुसऱ्या फळीपर्यंत नोंदी तपासायच्या आणि हवे ते औषध कुठे आहे ते सांगायचे, एवढेच माझे काम. तेव्हा औषधे थोडी होती. "काय चपळ आहे हो!" असे सगळे म्हणत.

पुढे फळ्या वाढल्या, कपाटे वाढली. औषध पहिल्या फळीवर सापडले, तरी मी शेवटच्या कपाटापर्यंत जाई आणि मगच उत्तर देई. थांबायचे असते हे मला कुणी लिहूनच दिले नव्हते. मी दमून जाई. वर बोलणी मिळत, "रडतखडत चालतंय मेलं!"

एका दुपारी एक मुलगी दुकान सांभाळणाऱ्या मावशींकडे धावत आली. तिच्या वडिलांना धाप लागली होती, इंजेक्शन लगेच हवे होते.

"मावशी, लवकर द्या ना!"

"अगं, हा शोधतोय. पडद्यावर आल्याशिवाय फळीला हात लावायचा नाही, मुदत संपलेलं जायचं चुकून."

मला ते केव्हाच सापडले होते. पण मी मलमे, पट्ट्या, डोळ्यांचे थेंब बघत पुढेच चाललो होतो. ओरडून सांगायला मला तोंड कुठे होते?

"मावशी, त्यांना श्वास घेता येत नाहीये हो!"

मावशींनी नियम बाजूला ठेवला. वळल्या, पहिल्याच फळीवरचा खोका काढला, मुदत वाचली आणि तिच्या हातात दिला. "पळ!"

वडील वाचले. मी मात्र तेव्हाही खोकल्याच्या औषधांपाशी होतो.

दुसऱ्या दिवशी मावशींनी प्रोग्राम लिहिणाऱ्या बाईंना बोलावले. "पहिल्याच फळीवर होतं! मग हा एवढा वेळ करतो तरी काय?"

बाईंनी मला वाचले आणि कपाळावर हात मारला. "अहो, सापडल्यावर थांब, असं याला सांगितलेलंच नाही. बिचारा उगाच राबतोय."

त्यांनी एक शब्द घातला. मी पहिल्यांदा मध्येच थांबलो.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी काम झाले तरी राबत असेल. त्याला स्वतःहून थांबता येत नसेल. जवळ जा आणि म्हणा, "झालं, बस आता."