मटारची पिशवी

“मूठ आवळ.”

लॉर्न हनात्युकनं उजव्या हाताची बोटं कशीबशी मिटली. अंगठा बाहेरच राहिला.

“ही मूठ?” मर्व्ह म्हणाला. “हिनं दार तरी वाजेल का रे?”

“तू पट्टी बांध. दाराचं मी बघतो.”

मर्व्ह आइस हॉकीच्या संघाचं सामान सांभाळायचा. स्केट्सना धार लावायची, फाटलेलं शिवायचं, सुजलेलं बांधायचं. त्यानं पट्टी ओढून बांधली. बाहेर रविवार दुपारच्या सामन्यासाठी माणसं जमू लागली होती.

लॉर्न चौथ्या फळीतला फॉरवर्ड होता. म्हणजे मोजकी मिनिटं बर्फावर, बाकी सारा वेळ बाकावर. कॅनडातल्या कापुसकेसिंग गावी पोरवयात तो ढिगानं गोल करायचा. पहिल्याच व्यावसायिक संघातल्या कोचनं त्याला सांगितलं होतं, गोल करणारे रग्गड आहेत, मारामारी करणारा हवाय. लॉर्न हो म्हणाला. वरच्या लीगचं बोलावणं दोनदा आलं, दोन्ही वेळा कुणाचं तरी थोबाड फोडायला. मग अशीच खाणींची आणि कागदगिरण्यांची गावं, बसचे संपता न संपणारे प्रवास. घरच्या रिंकवर सामना असला की बायको, जनीन, गाडीत गोठवलेल्या मटारची पिशवी घेऊन थांबायची. सामना संपला की सुजलेला हात त्या पिशवीखाली. हंगामभर तीच पिशवी वितळायची आणि पुन्हा गोठायची.

यंदा करार संपत होता. आणखी एक हंगाम मिळाला तर ठीक, नाहीतर मेहुण्याचा रस्त्यावरचा बर्फ लोटायचा ट्रक होताच.

दुसऱ्या सत्राच्या मध्यावर संघ तीन गोलांनी मागे पडला. प्रेक्षक गप्प झाले होते. कोच स्टॅफर्ड बाकाच्या मागून चालत आला आणि त्यानं लॉर्नच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचा अर्थ ठरलेला होता: पोरं झोपलीयत, एक मारामारी करून त्यांना जागं कर.

लॉर्न बर्फावर उतरला. पलीकडच्या संघात त्याच्या धंद्याचा माणूस एकच, रेजां तुर्कोत. याच तुर्कोतनं कधीकाळी लॉर्नचं नाक मोडलं होतं आणि त्या नाताळपासून तो न चुकता शुभेच्छापत्र पाठवत आला होता.

पंचानं पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, टाकायच्या आधी दोघं खांद्याला खांदा लावून वाकले. लॉर्न पुटपुटला, “काय रेजां, जायचं का?”

“नको.”

“अरे, दोन मिनिटं. आमची पोरं पेंगतायत.”

तुर्कोत बर्फाकडेच बघत होता. “डाव्या डोळ्यानं धूसर दिसतंय, लॉर्न. महिना झाला. इथं कुणाला माहीत नाही.”

“डॉक्टर?”

“डॉक्टरला दाखवलं तर उद्याच घरी धाडतील. चौथं पोर होतंय मला.”

“चौथं? तुला दुसरा काही छंद नाही का रे?”

तुर्कोत हसला नाही.

या धंद्याची रीत ठरलेली होती. आधी विचारायचं. समोरचा हो म्हणाला तर हातमोजे खाली. नाही म्हणाला तर त्याला हात लावायचा नाही. आणि तो नाही म्हणाला, हे कुणाला सांगायचंही नाही. मारामारी हेच ज्याचं पोट, त्याचा नकार बाहेर फुटला की तो संपला.

पक पडला. लॉर्न फळीबरोबर पुढे गेला, मागे आला, बाकाकडे परतला. वर प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, “हनात्युक, पुढच्या वेळी विणकाम घेऊन ये!” सगळा कोपरा खदाखदा हसला.

“काय झालं?” स्टॅफर्डनं विचारलं.

“काही नाही.”

“तो नाही म्हणाला?”

शेजारची पोरं माना खाली घालून ऐकत होती. लॉर्ननं पाण्याची बाटली तोंडाला लावली.

“मी विचारलंच नाही.”

“विचारलंच नाही? का?”

“कंटाळा आला, कोच.”

स्टॅफर्ड पुढे गेला. उरलेल्या सामन्यात त्यानं लॉर्नला पुन्हा बर्फावर पाठवलं नाही. शेवटच्या सत्रात तुर्कोत बाकाजवळून जाताना त्याच्या स्टिकचं टोक कठड्यावर हलकेच दोनदा वाजलं. लॉर्ननं वर पाहिलं नाही.

सामना हरल्यावर स्टॅफर्ड कपडे बदलायच्या खोलीत आला. “सामान आजच घेऊन गेलास तर बरं.” आवाजात राग नव्हता. राग असता तर लॉर्नला सोपं गेलं असतं.

मर्व्हनं त्याचे स्केट्स उचलले. “तुर्कोत नाही म्हणाला ना?”

“सांगितलं ना, विचारलंच नाही.”

“बरं.” मर्व्हनं यंत्र सुरू केलं आणि दोन्ही पात्यांना सावकाश धार लावून दिली, उद्या सामना असल्यासारखी.

गाडीत जनीननं सवयीनं पिशवी पुढे केली. मग त्याचा हात आपल्या हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

“आज काहीच लागलं नाही?”

“नाही.”

तिची नजर मागच्या सीटवर गेली. तिथं एरवी रिंकवरच राहणारं सगळं सामान होतं. तिनं गाडी सुरू केली.

घरी आल्यावर तिनं शेगडीवर पाणी ठेवलं आणि पिशवी कापली. हंगामभर वितळून गोठून मटारचा एकच गोळा झाला होता आणि त्यावर बोटांच्या पेरांचे चार खळगे स्पष्ट उमटले होते. लॉर्ननं त्या खळग्यांत आपली मूठ ठेवून पाहिली. बरोबर बसली.

“सोड,” जनीन म्हणाली, “पाणी उकळलंय.”

त्यानं गोळा पाण्यात सोडला. बराच वेळ तो तसाच तरंगत राहिला. मग एक दाणा सुटला.