रक्त पातळ करायची गोळी

"ठोके आता सरळ पडताहेत," डॉक्टर म्हणाले. "पण रक्त पातळ करायची ही गोळी मी सांगेपर्यंत एक दिवसही चुकवायची नाही."

सरुबाईने मान डोलावली. तिचा नवरा मच्छिंद्र पुण्याजवळच्या मांजरी गावचा. जमीन गेली, तिच्यावर आयटी कंपनी उभी राहिली आणि तिच्याच फाटकावर तो राखणदार झाला. दोन वर्षं त्याच्या काळजाचे ठोके वेडेवाकडे पडत होते. परवा डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून नळी घालून आतली बिघडलेली जागा जाळली. शंभरात सत्तरेकांना गुण येतो, एकदोघांना धोका असतो, असं आधीच सांगितलं होतं. आपण त्या एकदोघांतले नाही म्हणून सरुबाई सुटकेचा श्वास टाकून घरी आली.

'पातळ' हा शब्द मात्र तिच्या मनातून जाईना. रक्त पातळ झालं म्हणजे माणूस खंगला, हेच ती जन्मभर ऐकत आली होती. आणि हे शिकलेले लोक मुद्दाम पातळ करायला निघाले होते! त्यात आठवड्याभरात मच्छिंद्रच्या हिरड्यांतून रक्त आलं, दंडावर काळेनिळे डाग उठले. ती घाबरली. मुलगा साईनाथ चिडेल म्हणून त्याला विचारलं नाही. मच्छिंद्रला अक्षरओळख नव्हती. गोळ्या तीच त्याच्या तळहातावर ठेवायची. तिनाच्या दोन झाल्या. तिसरी, रक्त पातळ करायची, मोरीत जाऊ लागली आणि ताटात बीट, खजूर आले.

अकराव्या दिवशी सकाळी मच्छिंद्रच्या हातातली कपबशी पडली आणि तोंड वाकडं झालं.

रक्ताची गुठळी मेंदूत गेली होती. उजवं अंग लुळं पडलं. यंत्रावर ठोके मात्र एकसारखे, सरळ उमटत होते.

"गोळी चुकली होती का?" डॉक्टरांनी विचारलं. साईनाथने आईकडे पाहिलं.

"म्या... थुकायचो," खाटेवरून मच्छिंद्र बोबडं बोलला. "कडू... हाय."

म्हणजे तिनाच्या दोन झालेल्या त्याला कळल्या होत्या. कळूनही तिने दिलेलं तो रोज मुकाट गिळत होता.

"गोळी म्हणजे पेढा नव्हे, बाबा," डॉक्टर म्हणाले आणि गोळी थुंकत होता, असं कागदावर लिहून निघून गेले.

मग साईनाथने बापाला फैलावर घेतलं. सगळ्यांच्या कष्टांवर पाणी फिरवलंत, म्हणाला. अडाणी ते अडाणीच राहिलात, म्हणाला. त्यातला शब्द न् शब्द सरुबाईच्या वाट्याचा होता. ती पदराने नवऱ्याच्या हनुवटीवरची लाळ पुसत राहिली.